पॅरिस रीडची पेटी : नाव, नाद आणि वादकाची पारख

प्रस्तावना

जुन्या वाद्यांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात आदर पुष्कळ आहे आणि पारख त्या मानाने थोडी आहे. अमुक गवयाच्या मागे झंकारणारा तंबोरा, तमुक नटाच्या पदांना साथ करणारा ऑर्गन, असे उल्लेख आत्मचरित्रांत, आठवणींच्या पुस्तकांत आणि गौरवग्रंथांत विखुरलेले सापडतात. अशा उल्लेखांत वाद्य हे कलावंताच्या चरित्रातील एक अलंकार म्हणून येते. ते वाद्य स्वतः काय करते, वाजवणाऱ्याच्या हाताला त्यापासून काय मिळते आणि तसेच दिसणाऱ्या दुसऱ्या वाद्यापासून ते का मिळत नाही, हे प्रश्न बहुधा बाजूलाच राहतात. वादकांच्या वर्तुळात मात्र हे प्रश्न नित्याचे आहेत. संवादिनीच्या बाबतीत तर ते एका छोट्या प्रश्नात एकवटलेले असतात : ‘रीड कोणते?’ या प्रश्नाचे महाराष्ट्रात सर्वांत मानाचे समजले जाणारे उत्तर ‘पॅरिस’ हे होय. ‘जर्मन’ हे उत्तर त्याखालोखाल येते.

प्रस्तुत लेखात पॅरिस रीडच्या पेटीच्या निमित्ताने एका मूलभूत प्रश्नाचा विचार केला आहे. एखादे जुने वाद्य वादकांना खरोखर हवेहवेसे वाटते, ते कशामुळे? त्याच्या वयामुळे, त्यावरील कारखान्याच्या नावामुळे, की ते पूर्वी ज्याच्या हाती होते त्या कलावंतामुळे? ही तिन्ही कारणे संग्राहकासाठी पुरेशी आहेत. वादकासाठी ती पुरेशी नाहीत. वादकाला हवा असतो तो हाताच्या सूक्ष्म हालचालीला मिळणारा तत्काळ आणि खात्रीचा जबाब. पॅरिस रीडची पेटी हे याचे विशेष उद्बोधक उदाहरण ठरते, कारण या पेटीत जुने काय आणि नवे काय, हेच सहजासहजी सांगता येत नाही.

परदेशी रीड, देशी पेटी

हार्मोनियम हे नाव पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ च्या सुमारास आपल्या वाद्याला दिले. ते पायांनी भाता मारून वाजवण्याचे, खुर्चीवर बसून वाजवण्याचे वाद्य होते. भारतात ते मिशनरी आणि साहेब लोक यांच्या सामानातून आले. जमिनीवर बसणाऱ्या वादकाला एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या हाताळता येतील, असे त्याचे रूपांतर येथे झाले. या रूपांतराचे श्रेय प्रामुख्याने कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांना दिले जाते आणि त्याचा काळ १८८० चे दशक हा आहे. म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले, त्याच दशकात हातपेटी आकाराला येत होती. पुढे मराठी संगीत रंगभूमी आणि संवादिनी यांचे नाते इतके दृढ झाले, की गोविंदराव टेंबे यांच्यासारखा संवादिनीवादक ‘मानापमान’ (१९११) या नाटकाचा संगीतकार झाला. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात तर पायांनी वाजवायचा ऑर्गन हाच नाट्यपदांच्या साथीचा कणा होता.

या साऱ्या काळात पेटीची लाकडी कामे येथे होऊ लागली, तरी तिचा आवाज ज्यातून निघतो ती रीड दीर्घकाळ परदेशातून येत राहिली. पॅरिसच्या कास्रियल या कारखान्याच्या घडीच्या पायपेट्या आणि जर्मनीच्या ‘ज्युबिलेट’ या नावाच्या रीड आजही जाणकारांच्या बोलण्यात येतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातच या वाद्याची लोकप्रियता ओसरली. विजेवर चालणारे ऑर्गन आले, रीड बनवणारे जुने कारखाने मिटले आणि स्वातंत्र्योत्तर काळातील आयातनिर्बंधांनी उरलासुरला ओघही आटला. देशात ही गरज गुजरातेतील भावनगर आणि पालिताणा येथील कारागिरांनी भागवली. आज वाजणाऱ्या बहुसंख्य पेट्या त्यांच्या रीडवर उभ्या आहेत, ही गोष्ट पॅरिसच्या गुणगानात सहसा विसरली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फ्रेंच हार्मोनियममध्ये हवा रीडमधून बाहेर ढकलली जाते. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. भारतीय हातपेटी पहिल्या प्रकारची आहे. म्हणून फ्रेंच रीड हातपेटीत विनासायास सामावली. पॅरिसच्या प्रतिष्ठेमागे फ्रेंच कारागिरी आहे, तसाच रचनेतील हा साधा मेळही आहे.

जुने नेमके काय?

मिरजेचा जुना तंबोरा आणि पॅरिस रीडची पेटी यांची तुलना केली असता दोहोंच्या जुनेपणातील फरक स्पष्ट होतो. एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या फरीदसाहेब सितारमेकर यांनी, शिकलगारांच्या घराण्यातून येऊन, तंतुवाद्यनिर्मितीचा जो पाया घातला तो आजही टिकून आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या बाबतीत भोपळा, तबली आणि दांडी हेच वाद्य होय. तारा बदलतात, घोडी घासून जवारी पुन्हा काढली जाते, पण भोपळा बदलला तर तंबोरा बदलला असेच मानावे लागते. लाकूड आणि भोपळा वर्षानुवर्षे वाळत जातात, आणि या वाळण्याला नादाच्या दृष्टीने अर्थ आहे.

पेटीचे तसे नाही. भात्याचे पुठ्ठे आणि त्यांना जोडणारे कातडे काही वर्षांत विरते. पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा सैल पडतात, हवा अडवणारे कातडे आणि बनात कसर खाते, मुंबईसारख्या दमट हवेत फळ्या फुगतात. जी पेटी पन्नास वर्षे सतत वाजत आहे, तिचा भाता बहुधा बदललेला असतो, पट्ट्या बदललेल्या असतात, कित्येकदा बाहेरची पेटी संपूर्ण नवी असते. कास्रियलच्या कित्येक पायपेट्यांचे पुढे काय झाले? त्या उघडल्या गेल्या, त्यांतील रीड काढून सागवानी हातपेट्यांत बसवल्या गेल्या आणि उरलेला सांगाडा अडगळीत गेला. युरोपातील एखाद्या वाद्यसंग्रहालयाच्या दृष्टीने हा विध्वंस आहे. येथील वादकाच्या दृष्टीने ते वाद्याचे पुनरुज्जीवन आहे. संग्राहकाला जे मूळ स्वरूपात हवे असते, ते मोडूनच वादकाचे आवडते वाद्य तयार झाले आहे. ‘प्राचीन वाद्य’ ही कोटी येथे कशी लागू करावी, हा प्रश्न वाद्यशास्त्राच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेला दिसत नाही.

आणखी एक मुद्दा याला जोडून येतो. रीडचा स्वर केवळ धातूच्या जिभेतून ठरत नाही. ती ज्या फळीवर बसवली आहे त्या फळीचे लाकूड, तिच्यावरील छिद्राचा आकार, वरच्या खान्याची खोली, हवेचा मार्ग, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. मूळ फ्रेंच वाद्यात हे खाने विशिष्ट मापांचे होते. ती रीड हातपेटीच्या फळीवर आली, की तिचा भोवताल बदलला. म्हणजे महाराष्ट्रातील श्रोते आणि वादक ज्याला ‘पॅरिसचा आवाज’ म्हणतात, तो आवाज पॅरिसमध्ये कधी ऐकू आलेलाच नव्हता. तो गिरगावात, दादरला, पुण्यात, बेळगावात, पेटी बांधणाऱ्या आणि लावणाऱ्या कारागिरांच्या हाताखाली घडला. त्यांची नावे मात्र कोणत्याही रीडवर कोरलेली नाहीत.

जबाब म्हणजे काय?

रीडची रचना वरकरणी अत्यंत साधी आहे. पितळी चौकटीला एक लांबट फट, आणि त्या फटीवर एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली पितळी जीभ. हवेच्या दाबाने जीभ फटीतून खालीवर होते आणि स्वर निघतो. कौशल्य आहे ते अंतरांत. जीभ आणि फटीची कड यांतील मोकळी जागा जितकी कमी, तितकी हवा वाया कमी जाते आणि स्वर लवकर बोलतो. जिभेचे मोकळे टोक चौकटीपासून किती उचललेले आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. ते जास्त उचललेले असेल तर मंद भात्यावर रीड बोलतच नाही. कमी असेल तर जोराच्या भात्यावर गुदमरते. जिभेची जाडी मुळापासून टोकापर्यंत कशी उतरत जाते, यावर आवाजाची गोलाई किंवा धार अवलंबून असते. जुन्या युरोपीय कारखान्यांत प्रत्येक जीभ हाताने वाकवून, ऐकून, पुन्हा वाकवून तयार करणारे निष्णात कारागीर होते. वादक ज्याचे कौतुक करतात ते या श्रमाचे फळ आहे. पितळ जुने झाल्याने ते आपोआप आलेले नाही.

ख्यालाच्या साथीला बसलेल्या वादकाची अडचण सर्वपरिचित आहे. गायकाचा स्वर एका जागेवरून दुसरीकडे वाहत जातो. पेटीचा स्वर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारतो. ही उडी लपवणे हे साथीदाराचे निम्मे कसब आहे. पहिली पट्टी सोडण्यापूर्वी दुसरी दाबणे आणि त्याच क्षणी भात्याचा जोर किंचित आवरणे, अशा दोन क्रियांनी तो सांधा बुजवतो. या क्षणी नवा स्वर अगदी थोड्या हवेवर, धक्का न देता, जणू आधीपासूनच तेथे असल्यासारखा उमटावा लागतो. जी रीड थोड्या हवेवर बोलत नाही ती वादकाला भाता दाबायला भाग पाडते, आणि भाता दाबला की सांधा उघडा पडतो. पं. भीमसेन जोशी यांच्यासोबत अप्पा जळगावकर यांची, किंवा वसंतराव देशपांडे आणि कुमार गंधर्व यांच्यासोबत गोविंदराव पटवर्धन यांची साथ ज्यांनी लक्षपूर्वक ऐकली आहे, त्यांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. पी. मधुकर किंवा त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांच्या एकल वादनात या जबाबाची दुसरी बाजू दिसते. तेथे द्रुत तानांत प्रत्येक स्वर सुटा, दाणेदार आणि पुढच्या स्वराआधी पूर्ण झालेला हवा असतो.

वादकांची बोली या बाबतीत समीक्षेच्या भाषेपेक्षा अधिक काटेकोर आहे. ‘पेटी बोलते’, ‘आस टिकते’, ‘भाता हलका आहे’, ‘हवा धरते’, ‘आवाजाला गोलाई आहे’ हे सारे शब्दप्रयोग तपासून पाहता येण्याजोग्या गुणांचे निदर्शक आहेत. ‘जुन्या वाद्यातील आत्मा’ यासारख्या, समीक्षेत अधूनमधून डोकावणाऱ्या शब्दप्रयोगाची तशी तपासणी करता येत नाही, आणि पेटी विकत घेताना कोणताही वादक तो वापरत नाही.

शुद्ध, पण नकोसे

हवेसेपणाचा अर्थ समजण्यासाठी न रुजलेल्या वाद्याकडेही पाहावे लागते. संवादिनीवरील सर्वांत गंभीर आक्षेप तिच्या स्वरांविषयी होता. समविभागित सप्तकातील शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा, एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर, सुमारे चौदा भागांनी चढा असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गांधार ऐकलेल्या कानाला हा फरक टोचतो. या दोषावर उपाय म्हणून कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची गणिती मांडणी केली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुतिहार्मोनियम सिद्ध झाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा श्रेष्ठ गायक या प्रयोगांशी संबंधित होता. १९१६ मध्ये बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या विषयावर वादचर्चाही झाली. तरीही श्रुतिहार्मोनियम वादकांच्या हाती रुजले नाही. सिद्धान्ताच्या कसोटीवर जे अधिक शुद्ध होते, ते बोटांच्या कसोटीवर अवघड ठरले. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची संवादिनी नव्या रचनेने सिद्ध केली आहे आणि तिच्या वाट्याला अधिक आस्था आली आहे. परंतु सर्वसाधारण वादकाने निवडलेला मार्ग निराळा आहे. त्याने आहे त्याच बारा पट्ट्या ठेवून, एका विशिष्ट षड्जाला धरून रीड लावून घेतल्या. यालाच ‘गांधार ट्यूनिंग’ म्हणतात.

आकाशवाणीने १९४० पासून संवादिनीवर बंदी घातली. माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांच्या १९५२ ते १९६२ या कारकिर्दीतही ती उठली नाही, आणि १९७१ मध्ये ती अंशतः शिथिल झाली. तीन दशके ज्या वाद्याला देशातील सर्वांत मोठ्या संगीतव्यासपीठावर स्थान नव्हते, त्याच वाद्याच्या जुन्या रीडसाठी वादक वणवण करीत राहिले. प्रतिष्ठेच्या अधिकृत मोजमापाशी या हवेसेपणाचा संबंध किती थोडा होता, हे यावरून उघड होते. रेडिओच्या दाराबाहेर पेटी तीन ठिकाणी सुखाने नांदत होती : रंगभूमीवर, खासगी मैफलीत आणि भजनात. यांपैकी भजनाकडे संगीतसमीक्षेने जवळपास पाठच फिरवली आहे.

कांजूरमार्ग परिसरातील भजनाची पेटी

मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या दरम्यान वसलेले कांजूरमार्ग हे मुंबईच्या कामगार उपनगरांपैकी एक. लालबहादूर शास्त्री मार्गालगत घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत उभ्या राहिलेल्या कारखान्यांत रोजगारासाठी आलेल्या चाकरमान्यांत कोकणातील माणसांचा भरणा मोठा होता. या माणसांनी सोबत भजन आणले. गणेशोत्सवातील रात्री, सत्यनारायणाच्या पूजा, हरिनाम सप्ताह आणि विशेषतः डबलबारीचे सामने यांतून ही परंपरा आजही या पट्ट्यात जिवंत आहे. कारखान्यांच्या जागी आता उंच मनोरे आले आहेत. भजन मंडळांची पेटी चाळीतल्या खोलीतून पुनर्वसनाच्या इमारतीतील सोसायटीच्या कार्यालयात गेली आहे, एवढाच बदल.

डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात. बुवा स्वतः गातात आणि स्वतःच पेटी वाजवतात. पखवाज, झांजा आणि कोरस त्यांच्या सोबत असतात. बुवांची पट्टी उंच असते, मंडप उघडा असतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या प्रश्नाला उत्तर सुचत असताना बोटे थांबून चालत नाहीत. ख्यालाच्या साथीदाराला मंद भात्यावर बोलणारी रीड हवी असते, तर बुवांना भरभक्कम भात्यावर न गुदमरणारी रीड हवी असते. भात्याचा जोर वाढला की रीडचा स्वर स्वभावतः किंचित उतरतो. हा उतार कानाला जाणवू नये, ही बुवांची पहिली अपेक्षा. वरच्या सप्तकातील आखूड जिभा एरवी एक तर क्षीण असतात किंवा किंचाळतात. उंच पट्टीत गाणाऱ्याला नेमके हेच सप्तक सतत लागते. म्हणून बुवा पेटी पाहताना मधल्या सप्तकावर रेंगाळत नाहीत, थेट वरच्या षड्जाकडे जातात. नर आणि मादी रीड एकत्र वाजताना त्यांत थरथर येते की एकजीव आवाज येतो, हे ते तपासतात. पट्ट्यांची खडखड ध्वनिक्षेपकातून दसपट मोठी होऊन ऐकू येते, म्हणून पट्ट्यांखालची बनात दाबून पाहतात.

या दोन्ही वादकांना आपापल्या परीने ‘पॅरिस’च हवे असते, हे लक्षणीय आहे. एकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ कुजबुजीला मिळणारा जबाब, दुसऱ्याच्या दृष्टीने हाकेला मिळणारा जबाब. उत्तम रीड दोन्ही टोकांना विश्वासू राहते. मध्यम प्रतीची रीड कोणत्या तरी एका टोकाला दगा देते. मैफलीचा वादक आणि भजनाचा बुवा यांच्या अभिरुचीत अंतर आहे असे गृहीत धरून जी समीक्षा चालते, तिने निदान एवढे ध्यानात घ्यावे, की पेटीच्या दुकानात दोघेही एकाच फळीवर कान टेकतात.

नावाचा बाजार

या टप्प्यावर एक रास्त आक्षेप उपस्थित होतो. ‘पॅरिस’ या शब्दाचा दबदबा वजा केला, तर उरते काय? पाश्चात्त्य देशांत व्हायोलिनबाबत हा प्रश्न प्रयोगाने तपासला गेला. २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे २१ वादकांना, कोणते वाद्य कोणते हे न कळू देता, इटलीतील जुनी आणि नव्याने बनवलेली व्हायोलिने वाजवायला दिली गेली. त्यांतून स्त्रादिव्हारीसारख्या विख्यात कारागिराची वाद्ये निश्चितपणे ओळखता आली नाहीत, आणि बहुतेकांची पसंती नव्या वाद्यांना मिळाली. २०१२ मध्ये पॅरिसजवळ १० नामवंत एकल वादकांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात ६ जणांनी नवे व्हायोलिन पसंत केले. जुन्या वाद्याच्या दंतकथेला हा मोठाच धक्का होता.

पण या प्रयोगांचा अर्थ नीट लावला पाहिजे. नव्याने बनवलेली वाद्येही निष्णात कारागिरांच्या हातची होती. प्रयोगाने ‘जुने’ या विशेषणाची किंमत उतरवली. ‘चांगल्या हाताने घडवलेले’ या गुणाची नव्हे. वादकांनी निवड करताना पाहिले तेही वाद्य आपल्या गजाला कसा जबाब देते, हेच. संवादिनीच्या क्षेत्रात हा धडा अधिकच लागू पडतो, कारण येथे नाव खोटे लावणे अतिशय सोपे आहे. रीड पेटीच्या आत असते. ती पाहण्यासाठी पेटी उघडावी लागते, आणि उघडल्यावरही नुसता छाप पाहून सर्वसामान्य ग्राहकाला काही कळत नाही. एखाद्या पेटीत मधल्या सप्तकात चार-सहा खऱ्या जुन्या रीड आणि बाकी इतर, असेही असू शकते. विकणाऱ्याच्या तोंडी मात्र ती सरसकट ‘पॅरिस’ होते. उलटपक्षी पालिताण्याची एखादी मन लावून घडवलेली आणि जाणत्या हाताने लावलेली रीड, केवळ गावाचे नाव साधे म्हणून, दुय्यम ठरवली जाते. हा अन्याय कारागिरावर जितका आहे, तितकाच कानावरही आहे. पेटी आधी वाजवावी आणि मग उघडावी, हा क्रम उलटला की पारख संपते.

झीज

पॅरिस रीडच्या हवेसेपणात एक अंगभूत पेच आहे. रीडचा स्वर चढवायचा तर जिभेचे टोक घासावे लागते. उतरवायचा तर मुळाशी घासावे लागते. म्हणजे पेटी कोणत्याही दिशेने लावली, तरी प्रत्येक वेळी थोडे पितळ जाते. ते परत येत नाही. गायक बदलला, पट्टी बदलली, समविभागित स्वरांची पेटी गांधार ट्यूनिंगमध्ये आणली, पुन्हा कोणाला ती पूर्ववत हवी झाली, की प्रत्येक वेळी जीभ थोडी अधिक पातळ होते. अजाण हाताने खोल घासलेली रीड काही वर्षांत मुळाशी तडकते आणि एखाद्या मैफलीत अचानक मुकी होते. कारागिरीमुळे जो जबाब तिला मिळाला, तोच जबाब टिकवण्यासाठी केलेल्या सेवेतून ती संपत जाते.

मग ती न वाजवता जपून ठेवावी काय? संग्राहकाचे उत्तर होय असेल. परंतु न वाजणाऱ्या पेटीच्या रीडवर मुंबईच्या दमट हवेत हिरवट गंज चढतो, फटीत धूळ बसते, कातडे ताठरते. दोन-चार वर्षे बंद राहिलेली पेटी उघडली तर ती आजाऱ्यासारखी बोलते. पेटी बांधणाऱ्या आणि लावणाऱ्या कारागिरांची जी पिढी कानाने काम शिकली, तिची संख्या घटत चालली आहे. ट्यूनिंगचे यंत्र स्वराची उंची अचूक दाखवते, पण जीभ किती उचललेली असावी हे दाखवत नाही. विद्यापीठांच्या संगीत विभागांतून संवादिनीवादनावर प्रबंध लिहिले जातात. ते वादकांवर असतात, घराण्यांवर असतात, रागविस्तारावर असतात. पेटी लावणाऱ्याच्या कानावर प्रबंध लिहावा, असे सहसा कोणाला सुचत नाही. एखाद्या कारागिराने चाळीस वर्षांत कोणत्या रीडचे काय केले, कोणत्या फळीवर कोणती रीड गोड लागली, कोणती बिघडली, याची नोंद त्याच्या स्मरणातच राहते.

कांजूरमार्ग–भांडुपच्या पट्ट्यातील एखाद्या भजन मंडळाच्या पेटीची आज कल्पना करावी, तर चित्र साधारण असे दिसेल. बाहेरची पेटी नवी, भाता दुसऱ्यांदा बदललेला, मंद्र सप्तकातील रीड जुन्या परदेशी, मध्य सप्तकातील दोन तडकल्यामुळे त्यांच्या जागी पालिताण्याच्या, आणि तार सप्तकात दोन्हींची सरमिसळ. या पेटीला काय म्हणावे, याविषयी विकणारा, संग्राहक आणि अभ्यासक यांची उत्तरे तीन निरनिराळी येतील. बुवा तिची चौकशी करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ते भाता एकदा पूर्ण भरतात, एकही पट्टी न दाबता तो किती वेळ फुगलेला राहतो ते पाहतात, आणि मग वरच्या षड्जावर बोट ठेवतात.